डोडोला मूर्ख म्हणणारं पुस्तक वर्गात न्यावं का?

पत्र

मी करमाळा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत चौथीला शिकवते. पट १९. माजी विद्यार्थ्यांनी वर्गवाचनालयासाठी ५,००० रुपयांची देणगी दिलीय. मुख्याध्यापक सरांना डोडो पक्ष्यावरचं एक चित्रपुस्तक फार आवडलं आहे. किंमत २५० रुपये. त्यांचं म्हणणं, प्रत्येकाच्या हातात एक याप्रमाणे २० प्रती घेऊन टाकू. नमुना प्रत माझ्याकडे आहे. कागद गुळगुळीत, चित्रं मोठी, मजकूर इंग्रजीवरून मराठीत आणलेला. पण मी वाचताना अडखळतेय. पहिल्याच पानावर डोडोच्या मागे डायनासोर उभा आहे. पुढे लिहिलंय की डोडो लठ्ठ आणि मूर्ख होता, माणूस दिसला तरी पळत नसे, आणि खलाशांनी तो चविष्ट लागतो म्हणून खाऊन संपवला. शेवटून दुसऱ्या पानावर एकटा उरलेला डोडो रडतोय, शेवटच्या पानावर पांढऱ्या कोटातले शास्त्रज्ञ नवा डोडो तयार करताहेत. माझ्या वर्गात एक मुलगी फार हळवी आहे. हे पुस्तक घ्यावं का? पुस्तकात चुका किती चालतात? मला पक्ष्यांतलं काही कळत नाही.

उत्तर

ताई,

आधी उत्तर देते, कारणं मागून. २० प्रती घेऊ नका, एक घ्या. आणि ती एक प्रतसुद्धा पेन्सिल हातात धरून दोनदा वाचल्याशिवाय वर्गात उघडू नका.

पक्ष्यांतलं कळत नाही म्हणता, पण अडखळलात मात्र नेमक्या जागी. फक्त या सगळ्या जागा एका मापाच्या नाहीत. काही चुका पेन्सिलीने दुरुस्त होतात. एक चूक अशी आहे की अख्खी गोष्टच तिच्या खांद्यावर उभी आहे. ती आधी घेऊ.

तीसेक वर्षांपूर्वी ती चूक मी स्वतः वर्गात शिकवलीय. भिंतीवर नामशेष प्राण्यांचा तक्ता होता, त्यात एक गुबगुबीत डोडो. मी सांगितलं, ‘हा बघा, आळशी आणि बावळट. उडायचं विसरला, म्हणून संपला.’ वर लगेच बोधही चिकटवला की आळस करू नये. मागच्या रांगेतलं एक पोर उठलं. ‘बाई, आमच्या कोंबड्या पण कुठं उडतात? त्या पण बावळटच असतात की. मग त्या कशा नाही संपल्या?’ मी त्याला खाली बसवलं. उत्तर नव्हतं माझ्याकडे. संध्याकाळी एसटीत बसल्यावर सुचलं. कोंबडीला खुराडं असतं. रात्री मुंगूस आलं तर काठी घेऊन धावणारं माणूस असतं. डोडोला राखण करणारं कुणी नव्हतं, आणि हजारो वर्षं राखणीची गरजही पडली नव्हती.

मॉरिशस बेटावर जमिनीवर फिरून शिकार करणारा एकही सस्तन प्राणी नव्हता. सस्तन म्हणाल तर वटवाघळं तेवढी. डोडोचे पूर्वज उडतच त्या बेटावर पोचले, पण खाली पडलेली फळं खायला पंख लागत नाहीत आणि पळून जायला शत्रू नव्हता. पिढ्यान्पिढ्या पंख आखडत गेले. १५९८ मध्ये डच जहाजं तिथे लागली तेव्हा त्या पक्ष्याने माणसाला पाहून पळ काढला नाही, हे खरं आहे. त्याला मूर्खपणा म्हणायचं असेल तर दारात आलेल्या अनोळखी माणसाला पाणी विचारणारी आजीही मूर्ख ठरेल. २०१६ मध्ये डोडोच्या कवटीच्या आतला साचा तपासून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मेंदूचा आकार शरीराच्या मानाने कबुतरांच्या कुळात असतो तेवढाच निघाला, वास घेणारा भाग उलट मोठा. म्हणजे पारव्याइतका शहाणा समजा. आणि पारवा शाळेच्या व्हरांड्यात काय काय करतो, ते तुम्ही रोज बघत असालच.

‘चविष्ट’ हेही तसंच. डच खलाशांनी त्याला जे एक नाव दिलं होतं त्याचा अर्थच मुळी ‘किळस आणणारा पक्षी’ असा होतो. जितकं शिजवावं तितकं मांस चिवट होतं, अशी त्यांची तक्रार. खाल्ला त्यांनी, नाही असं नाही. महिनोन्‌महिने खारवलेलं मांस चावून आलेल्या माणसाला ताजं काहीही चालतं. पण बेटावर माणसांची वस्ती फार थोडी होती, आणि त्या मूठभर तोंडांनी सगळे डोडो फस्त केले हे काही पटण्यासारखं नाही. खरं नुकसान जहाजांतून उतरलेल्या दुसऱ्या प्रवाशांनी केलं. उंदीर, डुकरं, माकडं. डोडोचं घरटं जमिनीवर असे. एका जुन्या प्रवाशाच्या नोंदीप्रमाणे त्यात अंडं एकच. उंदराला आणि डुकराला याहून सोपं काय हवं? १६३८ पासून डचांनी वस्ती केली, त्यात जंगलही तुटत गेलं. डोडो पाहिल्याची शेवटची खात्रीची मानली जाणारी नोंद १६६२ सालची आहे. त्यानंतरही काही पक्षी तग धरून असावेत, १६९० च्या आसपासपर्यंत, असं काही अभ्यासकांचं गणित आहे. काहीही धरलं तरी एका माणसाच्या आयुष्यात मावेल एवढाच हा काळ.

आता हे सगळं चौथीच्या मुलांना सांगायचं का? सगळं नाही. पण ‘मूर्ख होता म्हणून संपला’ हे वाक्य तेवढं गाळायचं. ते नुसतं चुकीचं असतं तर मी इतकी अडून बसले नसते. त्या वाक्याने प्रश्न तिथेच मिटतो. पुढे उंदीर येत नाहीत, जहाज येत नाही, घरटं येत नाही. शिवाय वर्गात एखादं तरी पोर असं असतं, ज्याला घरी-दारी ‘ढ’ म्हणतात. ते पोरही हे वाक्य ऐकतं. ढ होता, मेला, बरं झालं. त्याच्या कानावर काय पडलं याचा विचार तक्ता छापणाऱ्याने केला नव्हता, आणि त्या दिवशी मीही केला नव्हता.

तेव्हा पुस्तक मोठ्याने वाचताना त्या जागी ‘त्याने आजवर शत्रू पाहिलाच नव्हता’ असं वाचा. तुमच्या एका प्रतीवर पेन्सिलीने लिहूनच ठेवा. २० प्रतींवर कुठे लिहीत बसणार? मुलांच्या हातात प्रत गेली की छापलेलं जिंकतं, बाईंनी सांगितलेलं हरतं.

डायनासोरची चूक मोठी दिसते, पण तशी स्वस्तात सुटते. तुमची मुलं यंदा शिवछत्रपतींचा इतिहास शिकताहेत ना? मग फळ्यावर एक आडवी रेघ ओढा. एक सेंटिमीटर म्हणजे १०० वर्षं. उजव्या टोकाला ‘आज’. तिथून साडेतीन सेंटिमीटरच्या जरा पुढे १६६३, लाल महालात शाहिस्तेखानाची बोटं तुटली ते साल. त्याला खेटून १६६२, डोडोची ती नोंद. आता मुलांना विचारा, याच मापाने डायनासोर कुठे येतील? कुणी फळ्याचं टोक दाखवेल, कुणी दार. डायनासोर सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी संपले. म्हणजे रेघ साडेसहा किलोमीटर लांब लागेल. शेजारच्या गावाचं नाव घ्या आणि सांगा, तिथल्या पारापाशी. एखादा हुशार मुलगा म्हणेल की पक्षी डायनासोरांचेच वंशज आहेत. बरोबर आहे त्याचं, शाबासकी द्या. पण पणजोबांना नातवाच्या मुंजीच्या फोटोत उभं करता येत नाही.

लठ्ठपणाचं मात्र मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण यात आपल्याकडचा एक दुवा आहे आणि तो बहुतेक पुस्तकांतून सुटतो. गोल गरगरीत डोडो आपल्या डोळ्यांत बसलाय तो युरोपातल्या चित्रांमुळे. रोलांट सेव्हरी या चित्रकाराने १६२६ च्या सुमारास काढलेलं चित्र त्यात सगळ्यांत प्रसिद्ध. ही चित्रं पिंजऱ्यात कोंबून खाऊ घातलेल्या, नाहीतर पेंढा भरलेल्या पक्ष्यांवरून काढलेली असावीत असं मानतात. रानातला डोडो इतका सुटलेला नव्हता. हाडांवरून काढलेले हल्लीचे अंदाज साधारण १० ते १८ किलो सांगतात. रिकामा गॅस सिलिंडर उचलून बघा, तेवढा.

त्याच सुमारास, १६२५ च्या आसपास, जहांगीर बादशहाच्या दरबारातल्या चित्रकाराने डोडो काढला. ते चित्र उस्ताद मन्सूरचं मानलं जातं आणि आज ते रशियात सेंट पीटर्सबर्गला आहे. जिवंत डोडोचं सगळ्यांत विश्वासू चित्र बहुधा हेच, असं पुष्कळ जाणकार म्हणतात. डोडो हिंदुस्थानात कसा आला? जहाजातून. १६२८ ते १६३४ मध्ये हिंदुस्थानात राहिलेल्या पीटर मंडी नावाच्या इंग्रजाने सुरतेत दोन डोडो पाहिल्याचं लिहून ठेवलंय. मुलांना सुरत माहीत असते, महाराजांच्या स्वारीमुळे. त्याच बंदरात त्याआधी तीसेक वर्षं डोडो उतरले होते हे सांगा आणि चेहरे बघा.

पण माझं आवडतं काम पुढचं आहे. मन्सूरच्या त्या चित्रात डोडोच्या भोवती चार-पाच ओळखीचे पक्षी आहेत. त्यातला एक पट्टकादंब. हा हंस हिवाळ्यात उजनी धरणाच्या जलाशयावर उतरतो, तुमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी तो पाहिलेला असणार, नाव माहीत नसलं तरी. शाळेच्या डिजिटल बोर्डावर ते चित्र मोठं करा, बोर्ड बंद असेल तर मोबाइलवर दाखवा. आधी डोडो झाका, फक्त हंस दाखवा. डोक्यावर काळे पट्टे किती? दोन. आपल्या उजनीच्या हंसाला किती? दोन. पाय, चोच, मान तपासू द्या. चित्रकाराने हा पक्षी जसाच्या तसा काढला आहे असं मुलांच्या तोंडून आलं की हात काढा आणि डोडो दाखवा. ‘मग हा कसा काढला असेल?’ न पाहिलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवायचा तो कशाच्या जोरावर, हे यापेक्षा सोप्या रीतीने मला आजवर शिकवता आलेलं नाही. मग पुस्तकातला गोल डोडो शेजारी ठेवा. पुस्तकातली चूक इथे तुमच्या कामाला येते. एवढ्यासाठी तरी ती एक प्रत घ्याच.

भाषेबद्दल थोडं. तुम्ही वाचताना अडखळलात, ते निव्वळ माहितीमुळे नसणार. ‘डोडो एक पक्षी होता ज्याला उडता येत नव्हते’ अशा घडणीची वाक्यं असतील, हो ना? आपण असं बोलत नाही. ‘डोडो हा मोठा पक्षी. त्याला उडता येत नसे.’ संपलं. अशा पुस्तकाचं शीर्षकपान उघडून भाषांतर कुणी केलं ते बघत जा. नावच नसेल तर पुस्तक परत ठेवायला तेवढं कारण मला पुरतं. आणि डोडोला ‘दुर्मीळ’ किंवा ‘नष्टप्राय’ म्हटलंय का, तेही पाहा. दुर्मीळ म्हणजे थोडे उरलेत. नामशेष म्हणजे नुसतं नाव उरलंय. किती नेमका शब्द आहे आपला! फोडून सांगा मुलांना, नाम आणि शेष. बेरीज-वजाबाकीतला ‘शेष’ त्यांना कळतो.

तुमच्या हळव्या मुलीविषयी. मुलांना दुःखापासून राखायला जाऊ नका. बोकड कापताना, म्हातारं माणूस जाताना त्यांनी पाहिलेलं असतं. नऊ वर्षांचं मूल ‘आता एकही नाही’ हे पेलू शकतं. मला त्या पानावर खटकतात ते डोळ्यांतले थेंब. शेवटचा डोडो कुणी पाहिला? कुणीच नाही. तो शेवटचा आहे हे त्यालाही ठाऊक नव्हतं. खरं दुःख तर त्यातच आहे, त्याला वरून अश्रू रंगवायची गरज नाही. त्या पानावर काही बोलू नका. थांबा. मुली-मुलांना बोलू द्या. आणि कुणी ‘माणसं वाईट असतात’ म्हणालं तर त्यालाही जरा अडवा. उंदीर बेटावर सोडावेत असं कुणीही ठरवलं नव्हतं. ते दोरावरून, पिंपांतून, धान्यातून आपोआप उतरले. वाईट माणूस शोधून गोष्ट संपवणं आणि मूर्ख पक्षी शोधून संपवणं, दोन्ही मला सारखंच वाटतं.

राहिलं शेवटचं पान, पांढऱ्या कोटांचं. २०२३ मध्ये एका अमेरिकी कंपनीने डोडो परत आणण्याचा प्रकल्प जाहीर केला, हे खरं. आजवर एकही डोडो जन्मलेला नाही, हेही खरं. आणि पुढे यश आलंच, तरी तो डोडोसारखा घडवलेला दुसरा पक्षी असेल. त्यात वापरायचं ठरलंय ते निकोबार कबूतर. डोडोचा आजचा सगळ्यांत जवळचा जिवंत नातेवाईक तोच, हे २००२ मधल्या डीएनए तपासणीतून कळलं. आपल्याच देशातल्या निकोबार बेटांवर तो राहतो, मानेवर लांब पिसांची झालर, अंगावर हिरव्या-तांबड्या रंगाची झळाळी. पुस्तकात त्याचं चित्र नसेल तर ते शोधून शेवटच्या पानाला टाचणीने लावा. प्रयोगशाळेपेक्षा मुलांना ते जास्त आवडेल.

इथे एक प्रश्न येणारच, त्याची तयारी ठेवा. ‘बाई, चित्ता आणला तसा डोडो का नाही आणत?’ भारतातून चित्ता संपल्याचं १९५२ मध्ये जाहीर झालं आणि सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून आठ चित्ते कुनोच्या जंगलात आणले. आणता आले, कारण आफ्रिकेत ते होते. डोडो एकाच बेटावर राहत होता, दुसरीकडे आणायला जायचं कुठे? एवढं उत्तर पुरे.

डोडोवरून पुढे नेणार असाल तर वाघाकडे नेऊ नका, सगळे तिकडेच जातात. माळढोक पक्ष्याकडे न्या. १९७९ मध्ये आपल्याकडे माळढोक अभयारण्य जाहीर झालं त्यात तुमच्या तालुक्यातल्याही जमिनी होत्या. मुलांच्या आजोबांना विचारून यायला सांगा, माळावर माळढोक पाहिलाय का, कुठे, केवढा होता. हाही जमिनीवरच अंडं घालतो, बहुधा एकच. आता त्या अभयारण्यातल्या नान्नजला दिसला तर बातमी होते. डोडोचं घरटं समजलेल्या मुलांना इथे वेगळं काही समजवावं लागत नाही.

जाता जाता एक गंमत. ऊसमळ्यांवर मजुरीला गेलेल्या मराठी माणसांची पणतवंडं मॉरिशसमध्ये आहेत आणि तिथल्या शाळांत मराठी शिकतात. त्यांच्या देशाच्या राजचिन्हावर एका बाजूला डोडो आहे आणि दुसऱ्या बाजूला सांबर. डोडो मूळचा तिथला, तो संपला. हरीण डचांनी बाहेरून आणलेलं, ते टिकलं.

सरांना काय सांगायचं? सरळ सांगा, एक प्रत घेऊन वाचन आपण समोर बसवून करू, १९ मुलं अर्धवर्तुळात मावतात. उरलेल्या ४,७५० रुपयांत वेगवेगळी पुस्तकं येतील आणि मुलं ती आपसांत बदलून वाचतील. एकाच पुस्तकाच्या २० प्रती कपाटात कुलपाखाली जातात, हे सरांनाही अनुभवाने ठाऊक असेल. घेण्याआधी प्रत शेवटच्या रांगेतून वाचून बघा. गडद चित्रावर छापलेली अक्षरं तिथून दिसत नाहीत, आणि नुसत्या पिना मारलेली बांधणी दिवाळीच्या सुट्टीपर्यंतही टिकत नाही.

चौथीला पत्रलेखन असतंच. ‘मा. प्रकाशक यांस’ असं पत्र मुलांकडून लिहून घ्या. डायनासोर का नको, मूर्ख शब्द का नको, मन्सूरचं चित्र का घ्यावं. मसुदा त्यांचा त्यांना करू द्या, तुम्ही फक्त शुद्धलेखन बघा. त्या हळव्या मुलीला अश्रूंबद्दलचा परिच्छेद द्या. पंधरा रुपयांचं पाकीट आणि तिकीट लागेल. प्रकाशकाचं उत्तर आलं तर मलाही कळवा.